चार सेकंद उशिरा

पडदा वर जातो तेव्हा एवढंच दिसतं: दुसऱ्या मजल्यावरची खोली, टेबल, टेबलावर नाटकांच्या तीन जाड वह्या आणि त्यांना टेकवून ठेवलेला लॅपटॉप. घड्याळात चारला पाच कमी. खुर्चीतले गृहस्थ आमच्या नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर. बत्तीस वर्षं विंगेत बसून नटांना विसरलेले शब्द पुरवले, म्हणून नाव पडलं कुजबुजे. एकदा भरल्या थिएटरात माझी जीभ टाळ्याला चिकटली. यांनी एक शब्द फेकला आणि मी तरले. टाळ्या मात्र मीच घेतल्या.

आता ते थोरल्या बहिणीला शब्द देतात. ताई दूरच्या शहरात. पक्षाघातानंतर तिला सगळं कळतं, पण शब्द ओठांवर येत नाही. रोज चारला दोघं व्हिडिओवर भेटतात. ती वाक्य सुरू करते, अडते. नेमक्या त्या क्षणी कुजबुजे पुढचा शब्द देतात आणि ती तो उचलते. अशी आठ-दहा वाक्यं ती बोलायला लागली होती.

दोन महिन्यांपूर्वी चित्र गोठायला लागलं. आवाज चार सेकंद उशिरा. शब्द पोचेपर्यंत ताईने तोंड मिटलेलं. हळूहळू ती तोंड उघडेनाशीच झाली. आणि कुठलंही पान उघडा, हवामानाचं असो की औषधाचं, वर इंटरनेट कंपनीची पिवळी पट्टी: 'आपल्या माणसाशी बोलताना अडखळता? आमचं आपुलकी कनेक्शन घ्या.'

"बदला की इंटरनेटवाले!" मी म्हटलं.

"इमारतीत वायर एकच येते, बाईसाहेब."

"मग भांडा!"

"भांडलो. तक्रारीला नंबर मिळाला."

"मग?"

"मोठा आहे नंबर."

माझ्यादेखत त्यांनी पुन्हा फोन लावला, स्पीकरवर.

"सर, तुमचा स्पीड पूर्ण दाखवतोय," पलीकडची मुलगी म्हणाली.

"तुमच्या तपासणीच्या पानावर पूर्णच असतो. ताईला फोन लावला की पडतो. आणि मी रोज आपल्या माणसाशी बोलतो, हे तुमच्या त्या पिवळ्या पट्टीला सांगितलं कुणी?"

"सिस्टीमला दिसतं, सर. आपल्याला अधिक चांगली सेवा देण्यासाठी, आपल्या... आपल्या..." मुलगी अडकली.

"संमतीने," कुजबुजे हलकेच म्हणाले.

"...संमतीने. सर, तुम्ही आधी आमच्या कंपनीत होता का?"

"नाही. नाटक कंपनीत. पण तुमचं हे अकरा वेळा ऐकलंय."

मला हसू फुटलं. ते हसले नाहीत. फोन ठेवला आणि दिव्याचं बटण दाबावं तसं पिवळ्या पट्टीवर क्लिक करून ते कनेक्शन घेतलं. संताप सगळा मलाच आला.

दुसऱ्या दिवशी चारला मी कॅमेऱ्याच्या बाहेर बसले. यावेळी विंगेत मी. चित्र काचेसारखं स्वच्छ. ताईने किती तरी दिवसांनी ओठ हलवले.

"आज... खिड..."

"खिडकी," कुजबुजे म्हणाले. अगदी वेळेवर.

ताईने तोंड मिटलं. दोन महिन्यांत तिला तशीच सवय झाली होती. पडदा गोठलाय असं धरून ती थांबून राहिली, हात मांडीवर ठेवून.

चार सेकंद गेले. मग आणखी चार.

जन्मभर प्रेक्षकांना ज्यांचा आवाज ऐकू गेला नव्हता, ते कुजबुजे मोकळ्या, मोठ्या आवाजात म्हणाले, "ताई, वाक्य तुझं आहे."