चाकाखालचा हात

बीटी कपाशीनं एका साली चांगली साथ दिली आणि मी स्पोर्ट बाईक घेतली. पुढच्या साली बोंडात गुलाबी अळी निघाली. तेव्हापासून गॅरेजचा खर्च बंद, बाईकची देखभाल अमडापूरला घरच्या अंगणातच. या गाडीला मधलं स्टँड नसतं. चेन साफ करायची तर मागचं चाक उचलावं लागतं, म्हणून मी इंजिनाखाली विटा रचत होतो.

एक म्हातारा सुतार पाणी मागायला फाटकाशी थांबला. पाणी पिऊन त्यानं विटांकडे पाहिलं.

“ह्या काऊन लावल्या?”

“गाडी उचलाले, चाचा.”

“वीट फुटते. सरका बाजूले.”

आयुष्यभर बैलगाड्या बनवल्या, आता कोणी बनवून घेत नाही, एवढंच त्यानं स्वतःबद्दल सांगितलं. गोठ्यातलं जुनं लाकूड कापून त्यानं गाडीला टेकू म्हणून रुंद बुडाची घोडी ठोकली. पुढचा ब्रेक दोरीनं आवळून बांधला. मी गाडी सरळ धरली. त्यानं पहारीनं मागची बाजू उचलून घोडी खाली सरकवली आणि गाडीला जोरात धक्का दिला. ती जागची हलली नाही.

मी चेनकडे वाकलो, तसा त्यानं मला अडवलं.

“बनवनाऱ्याले आधी सोताचा हात खाली घाला लागते, मंग दुसऱ्याचा.”

अधांतरी चाकाखाली तळहात पसरून तो उकिडवा बसला. मी तेलाचा डबा घेऊन उभा. बराच वेळ गेला.

“झालं ना, चाचा?”

“थांबा थोडं,” तो म्हणाला. “लय वर्सानं चाकाखाली हात घातला.”