रूपेशचं कोमट पाणी

जव्हारच्या बाजारात लग्नांचे रंगीत फोटो काढून पोट भरणारा आमचा रूपेश घरी मात्र जुन्या कॅमेऱ्यातले काळेपांढरे रोल धुतो. त्यासाठी साखरशेत गावातल्या घरची शेळ्यांची खोली त्याने अंधारी करून घेतली. शेळ्या ओटीवर आल्या. त्याची बायको रविना म्हणाली, "आता पाहुणे आले का बसव त्यांना अंधारात."

त्याची आई फागी फोटोपासून कायम लांब. यंदा नागली झोडताना ती कशीबशी कबूल झाली. "हा एकच रोल. परत बोलावलंस तर काठी घेईन." अख्ख्या रोलमध्ये ती एकदाच हसली, तेही शेळीने रूपेशची टोपी चघळली म्हणून.

थंडीत रोल धुवायला पाणी कोमट लागतं. रूपेशने थंड नळाला फिल्टर बसवला होता, विहिरीचा गाळ नको म्हणून. गरम नळ मात्र थेट बंबातून. कारण पाणी उकळलं की शुद्ध, हे आरोग्यवाल्या ताईंनी आमच्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलंय. उकळल्याने जंतू मरतात, कबूल. पण गाळ थोडाच मरतो?

फोटो निघाला, तर आईच्या हसऱ्या तोंडावर पांढरे ठिपके.

"मला देवी कधी आल्या रं?" फागीने विचारलं.

रूपेशचं तोंड उतरलं. कण निगेटिव्हलाच चिकटले होते, आणि आई काही परत उभी राहणार नव्हती. त्याने बंबाचा नळ फडक्यावर सोडला. फडकं चहाच्या रंगाचं झालं.

"पण पाणी उकळलेलं होतं!"

"मग चिखल नीट शिजला असेल," रविना म्हणाली.

गरम नळाला फिल्टर लावून पाहिला, तर त्याचं प्लास्टिकच मऊ पडून गळायला लागलं. मग रूपेशने दोन्ही नळ एका पिंपात सोडले आणि पाणी कोमट झाल्यावर फिल्टरमधून काढलं. निगेटिव्ह त्यात भिजत ठेवली. वरचा थर फुगला, तसे कण हळूहळू सुटले. रूपेश श्वास रोखून बघत होता. रविनाने पाठीत धपका घातला तेव्हा कुठे सोडला.

नवा फोटो फागीने अंगणात उन्हात धरला. ठिपका एकही नाही. बराच वेळ बघून म्हणाली, "हा पुढचा दात कुठं गेला? तोपण गाळलास?"

"तो तुझा मागच्या वर्षीच पडलाय, आये."

"मग असा का काढलास? उद्या तोंड मिटून बसते. दुसरा रोल आण."