नैसर्गिक केसांचा विग

"अरे मामा, एक डोकं दे इकडे."

"माझं चालेल का? तसंही रिकामंच आहे."

"तुझं नको. लाकडाचं दे. ते निदान सांगितलेलं ऐकतं."

आमच्या नाटकासाठी पांढऱ्या केसांचा टोप हवा होता, म्हणून मी विग विणणाऱ्या ताईंच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकलं आणि हे कानावर पडलं. जिन्याशेजारची लांबट खोली. भिंतीला फळी, फळीवर ओळीने लाकडी डोकी. खिडकीशी ताई, मांडीवर जाळी, हातात आकड्याची बारीक सुई. एका वेळी दोन-तीन केस ओवायचे, गाठ मारायची, पुढचे ओवायचे. आणि समोरच्या कोपऱ्यात, जुन्या कॉम्प्युटरला नाक लावून, मामा.

मामा हे ताईंचे धाकटे भाऊ. भाचा मामा म्हणायचा, म्हणून सख्खी बहीणही मामाच म्हणायला लागली आणि पुढे येणारं-जाणारं गिऱ्हाईकसुद्धा. लग्न राहून गेलेलं. सगळी नोकरी वर्तमानपत्रात मुद्रितशोधक म्हणून झाली. पान एकवर 'रुग्णालय' आणि पान चारवर 'दवाखाना' असं त्यांच्या हातून कधी सुटलं नाही. एक गोष्ट, एक शब्द, शेवटपर्यंत. मग कचेरीला मुद्रितशोधक परवडेनासे झाले आणि मामा एक बॅग घेऊन विधवा बहिणीकडे राहायला आले.

"बहिणीच्या घरी फुकट जेवतोय असं वाटतं हो," एकदा ते मला हळूच म्हणाले.

"ऐकू येतंय मला," खिडकीतून आवाज आला. "फुकट कुठे? भांडी घासतोस की."

ताईंची खरी गिऱ्हाइकं आम्ही नाटकवाले नव्हतो. आजाराच्या औषधांनी ज्यांचे केस गेले, त्या बायका यायच्या. ताई त्यांच्या डोक्याला पातळ प्लास्टिक गुंडाळायच्या, वर चिकटपट्टी लावायच्या, कपाळावरची केसांची रेघ पेनाने आखून साचा उतरवायच्या. हे चालू असताना बऱ्याच जणी रडायच्या. ताई तोंडाने गप्प आणि हाताने सावकाश. पण या बायका दुकानं शोधत हिंडत नाहीत. पलंगावर पडून फोनवर शोधतात आणि पहिल्या पानावर जे दिसेल तिथे फोन लावतात. पहिलं पान तयार विगवाल्या मोठ्या कंपन्यांनी भरून गेलं होतं. ताईंचा फोन वाजेनासा झाला. दोघी मदतनीस बायका एकेक करून निघून गेल्या. ताईंना दुसरं काही येत नव्हतं, आणि या वयात दुसरं काही शिकायचंही नव्हतं. ती खोली टिकली तर त्या टिकणार होत्या.

भाचा लांबच्या शहरात कॉम्प्युटरचं काम करायचा. त्याने फोनवरून मामांना रस्ता दाखवला, आणि मामांनी तो ताईंना समजावला.

"हे बघ ताई. दुसऱ्या कुणाच्या वेबसाइटवर काही शब्द निळे दिसतात ना? त्यांच्यावर बोट ठेवलं की आपलं पान उघडतं. ती लिंक. म्हणजे त्या माणसाने तुझ्याकडे बोट दाखवलं. जितकी जास्त बोटं, तितकी तू वर."

"आणि निळे शब्द कुठले?"

"तिथेच तर गंमत आहे! बाई जे शब्द टाकून शोधते, तेच. नैसर्गिक केसांचा विग. मग सर्चला कळतं, या शब्दांचं उत्तर म्हणजे आमची ताई."

"लोकं असं बोलतात होय? 'नैसर्गिक केसांचा विग'? जाहिरातीतली बाई बोलल्यासारखं वाटतं."

"तू गाठी मार गं. शब्दांचं मी बघतो."

आणि मामांनी बघितलं. आरोग्याचे ब्लॉग, बायकांची मासिकं, शहरातल्या दुकानांच्या याद्या, ज्याला त्याला पत्र. बदल्यात लेख लिहून द्यायचे, तेही शुद्ध आणि सुंदर. लोक खुशीने छापायचे. मी तालमीवरून येता-जाता डोकावायचे, तेव्हा मामा खुर्चीतून अर्धे उठून सांगायचे, "तिसऱ्या पानावर आलो!" मग दुसऱ्या. मग एक दिवस पहिल्या. फोन वाजायला लागला. गेलेल्या दोघींपैकी एक परत आली. ताईंनी स्वतःच्या हाताने मामांसाठी कोपऱ्यात नवीन दिवा लावला.

चूक झाली ती इथे, आणि ती मामांच्याच हातून होण्यासारखी होती. काही जणांनी मामांनी न सांगताच ताईंची लिंक दिली होती. जुनी गिऱ्हाइकं. कुणी 'या बाईंकडे जा' एवढेच शब्द निळे केलेले, कुणी 'आमच्या ताई', कुणी नुसतं 'इथे बघा'. मामांना ते बघवेना. एकच दुकान आणि दहा नावं! त्यांनी एकेकाला नम्रपणे लिहिलं: कृपया शब्द बदलून 'नैसर्गिक केसांचा विग' असे करावेत. बहुतेकांनी केले.

"मामा," मी म्हटलं, "आमच्याकडे जमावाचा प्रवेश असला आणि सगळे एका सुरात एकच वाक्य बोलले ना, की शेवटच्या रांगेतल्यालाही कळतं, हे घोकून आलेत."

"तुमचं नाटक वेगळं," मामा चष्मा पुसत म्हणाले. "छापलेल्या मजकुरात सुसंगती लागते."

थोड्याच आठवड्यांत ताईंचं पान गायब झालं. पहिल्यावर नाही, पाचव्यावर नाही. मामा खाली खाली जात राहिले. मग भाच्याला फोन लावून त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"मामा, सगळीकडे तोच शब्द? अगदी सगळीकडे?"

"एकही चुकीचा नाही."

"अरे मामा, खरी माणसं कधी सारखं बोलतात का? सर्चला वाटलं, या लिंक बनवून घेतल्यात. टाकलं खाली."

"पण त्यातल्या काही खऱ्या होत्या रे."

"होत्या. तूच त्या खोट्यासारख्या केल्यास."

ताई गाठ मारत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. फक्त म्हणाल्या, "त्याला ओरडू नकोस. जेवलास का तू?"

मग मामांची उलटी पत्रं सुरू झाली. कृपया लिंक काढावी. कृपया शब्द पूर्ववत करावेत. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. ज्यांनी हौसेने बदल केला होता, त्यांना आता हा म्हातारा वेडा वाटत असावा. परत आलेली मदतनीस पुन्हा गेली. पावसाळा संपेपर्यंत खोलीत एकच विग होता, तोही आमच्या नाटकाचा.

एक बाई याच शहरात राहायची. आजारपणात तिने ब्लॉग लिहिला होता, आणि त्यात ताईंवर एक अख्खं पान होतं. मामा म्हणाले, पत्राला उत्तर नाही, समक्षच जातो. मला म्हणाले, "चल गं. बाईमाणूस सोबत असलं की दार उघडतात."

दार तिच्या नवऱ्याने उघडलं. आम्ही कामाचं बोललो, तसा तो बाजूला झाला आणि आम्हाला आत बसवलं.

"ती गेली," तो म्हणाला. "उन्हाळ्यात. दुखणं दुसऱ्यांदा उलटलं."

मामांच्या हातातली पिशवी घसरली. मी ती उचलून ठेवली.

"त्या पानाचा पासवर्ड तिच्यासोबतच गेला. मी रोज वाचतो. बदलता नाही येत." मग तो जरा पुढे सरकला. "ते 'नैसर्गिक केसांचा विग' तुमचे शब्द आहेत का हो? मला नेहमी वाटायचं, ती असं बोलणारी नव्हती. ते वाक्य मध्येच कुणी दुसऱ्यानेच लिहिल्यासारखं आहे. आधी काय होतं तिथे?"

मामांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघत होते. चाळीस वर्षांपूर्वीचे मथळे पाठ म्हणून दाखवणारा माणूस.

"लांब होतं," ते म्हणाले. "दोन-तीन ओळींचं. त्यात आरसा हा शब्द होता." ते थांबले. "खोडलेलं माझ्या लक्षात राहत नाही हो. दुरुस्ती तेवढी राहते. सवय आहे."

"आरसा," नवरा म्हणाला. "बरं."

आम्ही तसेच ताईंकडे परत आलो.

खोलीत ताई लाकडी डोकी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळत होत्या. "मालकांना सांगून आले," त्या म्हणाल्या. "महिनाअखेर जागा सोडतेय. घरी बसून नाटकाचं येईल तेवढं करीन. तू उगाच आता कुणाच्या दारात जाऊ नकोस. काय म्हणाली ती?"

मामांनी सांगितलं.

ताईंचे हात थांबले. मग त्यांनी विचारलं, "केस परत आले होते का तिचे?"

"भिंतीवर फोटो होता. आले होते. बारीक, कानापर्यंत."

"कुरळे?"

"हो."

"आधी सरळ होते," ताई म्हणाल्या. "मी सरळ लावून दिले होते."

मामा भिंतीकडे तोंड करून बसले. ताईंनी उरलेल्या कागदांतला एक त्यांच्यापुढे सरकवला, आणि मग दोघांनी मिळून फळीवरची राहिलेली डोकी गुंडाळली.