गाडीचं घुमणं आणि माझा पेटीवाल्याचा कान

मी आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. त्यामुळे कानाच्या बाबतीत मला भारी गुर्मी. कोणाचा सूर जरा उतरला की भजन चालू असतानाच मी भुवया उडवणार, आणि चहाच्या वेळी सगळ्यांसमोर त्याची चूक काढणार. असा माणूस गाडीच्या आवाजाला भितो होय?

मुलीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला दिग्रसहून यवतमाळला आणायचं होतं. तिनं फोनवर बजावलं होतं, "बाबा, दुसऱ्या कोणाले पाठवू नका. तुमीच या." आणि नेमकी तेव्हाच आमची जुनी गाडी घुमायला लागली. वेग वाढला की चाकाकडून घूंऽऽ. बायकोनं सांगून टाकलं, "हे घुमणं बंद होत नाही तोवर माही पोरगी ह्या गाडीत बसत नाही. जावई आणून सोडतीन."

जावई आणून सोडतीन! मंग बाप कायले आहे? फार लागलं ते मला.

बायकोला बाजूला बसवून मी गाडी काढली, गाणी बंद केली आणि डोळे बारीक करून ऐकलं. "सूर काळी दोनचा," मी जाहीर केलं, "आणि समोरचं उजवं चाक." घरी येऊन मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातला गोरा माणूस सांगत होता, उजवीकडे वळताना आवाज वाढला तर डाव्या चाकाचं बेरिंग पाहा. आमचा आवाज उजवीकडे वळतानाच वाढत होता. पण तिकडे गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालतात, तेव्हा त्यांचा नियम आपल्याकडे उलटा लागणार, असा मी अर्थ लावला. इतकी अक्कल देवानं मला एकट्यालाच काहून दिली असेल, देव जाणे.

गॅरेजवाले मिस्त्री जुन्या ओळखीचे, माझ्याच वयाचे. त्यांनी उजवं चाक उचलून हातानं फिरवलं. "मास्तर, ये तो ठीक लगता है. दुसरं बी पाहू द्या."

"भाई, कान पेटीवाल्याचा आहे. उजवंच खोला."

गिऱ्हाईक ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी ते बेरिंग बदललं. घूंऽऽ. मग मी टायरवर घसरलो. पुढचे मागे, मागचे पुढे करायला लावले. घूंऽऽ.

शेवटी मिस्त्री स्वतः स्टिअरिंगवर बसले, मला मागे घातलं आणि आम्ही लोहाऱ्याच्या रस्त्याला लागलो. मला आता मागच्या चाकाचा संशय. सीटवर गुडघे टेकून मी मागे तोंड केलं, तर आवाज झटक्यात गाडीच्या डावीकडे गेला!

"भाई, आवाज पलटला!" मी ओरडलो. पुढे तोंड केलं की उजवीकडे, मागे केलं की डावीकडे. मी पोरासारखा गरागरा फिरून पाहत होतो.

मिस्त्रींनी गाडी बाजूला घेतली. "आवाज नहीं पलटा, मास्तर. आप पलटे." मग वळून त्यांनी माझ्या डाव्या कानाजवळ चुटकी वाजवली. मला नुसती बोटं दिसली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. वाटलं होतं, पोट धरून हसेल. ती हसली नाही. "मी पहिल्याच दिवशी गाडीत सांगतलं होतं, माह्या पायाखाली घुमून राह्यलं म्हणून. तुमी काही बोलले नाही. मले वाटलं, नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे?"

"मी बोलते, तुमी समोर पाहता. मंग मीच बोलणं सोडलं."

मला एकदम आठवलं, मंडळात माझ्या डाव्या हाताला बसणाऱ्याला मी कित्येक दिवसांत बेसूर म्हटलेलं नाही. आणि लोकांत सांगत फिरलो, की हा एकटा तेवढा सुरात गातो.

समोरचं डावं बेरिंग बदललं आणि गाडी गप्प झाली. दिग्रसला मी स्वतःच गेलो. जाताना बायको मुद्दाम माझ्या मागे, उजव्या कानाशी बसली आणि मनात साठलेलं सगळं दिग्रस येईपर्यंत ऐकवलं. बाप्पा! कानाच्या डॉक्टरांकडे जायचं वचनही तिथंच घेतलं.

परत येताना मुलगी पुढे, माझ्या डावीकडे बसली. गाडी कशी चालते ते मिरवत मी सरळ रस्ता पाहत होतो. बायकोनं मागून खांद्याला ढोसलं. "अहो, पोरगी बोलून राह्यली तुमच्याशी!"

मी वळून पाहिलं. तिचा हात पोटावर होता. बोलणं संपवून ती समोर पाहत बसली होती, थेट आईसारखी. 

मी बाभळीखाली गाडी थांबवली, उतरलो, वळसा घालून तिच्या दाराशी गेलो आणि उजवा कान खिडकीत घातला.

"सांग व माय," म्हटलं. "पहिल्यापासून सांग."