उंद्रीत लावलेली ग्रीक पोथी

किराणा दुकानात उंदीर आणि किस्से, दोन्ही न बोलावता वाढतात. उंदरांसाठी मांजर ठेवलं. किश्शांवर इलाज सापडला नाही. महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं, तेव्हा उंद्रीच्या आमच्या दुकानात रोज संध्याकाळी बैठक बसायची. त्यातल्या एकाच उन्हाळ्याचे किस्से काढले, तर पोत्यांसारखी थप्पी लागेल!

* * *

पुस्तक आलं रद्दीतून. मी पानं फाडून जिऱ्याच्या पुड्या बांधत होतो. तेवढ्यात शाळेचे इंग्रजीचे मास्तर आले आणि त्यांनी माझा हातच धरला.

"शेटजी, थांबा! हे ग्रीकांचं महाकाव्य आहे, हजारो वर्षांचं! आणि हे त्याचं अगदी नवं इंग्रजी भाषांतर!"

तोवर भाषांतरकाराची प्रस्तावना जिऱ्यासोबत गावभर गेली होती. मास्तर हळहळले. मी म्हटलं, "बरंच झालं की! माल चांगला असला तर तो स्वतःच बोलतो."

आणि माल फर्स्टक्लास निघाला! त्याच काव्याचा जुना तर्जुमा मास्तरांच्या कपाटात होता. त्यातला वीर भाला फेकण्याआधी असं अवघड इंग्रजी बोलायचा, की तेवढ्यात समोरच्याला घरी जाऊन जेवून येता आलं असतं. नव्यातले लोक सरळ बोलत, सरळ मारत, सरळ रडत. मी डब्यांवरची लेबलं वाचून इंग्रजी शिकलेला माणूस, पण मलाही कळायचं. या पोत्यातला माल त्या पोत्यात ओतताना दाणा सांडू न देणं सोपं नसतं, राव!

* * *

आता जाड पुस्तक ऐकायची आमच्या गावाला एकच रीत ठाऊक. पोथी लावायची! तुळशीराम पाटलांनी घरून पाट आणला, पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं. मास्तर संकोचले, तर पाटील म्हणाले, "इंग्रजी असली म्हणून काय झालं? पोथी ते पोथीच!" रोज संध्याकाळी मास्तर इंग्रजी वाचत आणि लगेच मराठीत सांगत.

आणि पोथी एकदा लावली की समाप्तीपर्यंत कोणी बैठक सोडायची नाही. इथंच घोटाळा झाला. कारण पाटील आणि आप्पा देशमुख, दोघंही बैठकीतले, आणि दोघांचं बोलणं बंद! पाटलांचा बैल देशमुखांच्या मकईत घुसला होता. देशमुखांनी तो आपल्या गोठ्यात बांधून ठेवला. "घरी येऊन मांगा म्हणा, देतो." पाटील म्हणत, "बैल माहा, मी काऊन मांगू?" जोडी फुटलेली, पेरणी तोंडावर आलेली, आणि एक साखरेच्या पोत्याशी तर दुसरा तेलाच्या डब्यांशी बसून पोथी ऐकतोय!

* * *

सुरुवातीलाच एक लांबलचक यादी आली. कोणता सरदार, कुठला, किती जहाजं घेऊन लढाईला आला. मास्तर म्हणाले, "हे वगळू या."

पाटील भडकले. "वगळता काऊन? लग्नात आहेर पुकारतो तवा एखाद्याचं नाव सोडतो काय? त्याच्या घरच्यायले काय वाटन?"

सगळी नावं वाचली. जहाजं कमी असलेल्या सरदारालाही बैठकीनं मान डोलावून दाद दिली, बिचारा लांबून आला होता म्हणून!

* * *

ग्रीकांचा सगळ्यात मोठा वीर तर रुसून डेऱ्यातच बसला होता. मनवायला वडीलधारी माणसं गेली, मानपान नेला, तरी हलेना.

देशमुखांनी मांडीवर थाप मारली. "वा! गडी असावा त असा!"

पाटील माझ्याकडे बघून म्हणाले, "शेटजी, इचारा त्यायले, त्या गड्याच्या गोठ्यात दुसऱ्याचा बैल होता काय?"

देशमुखही माझ्याकडेच बघून म्हणाले, "शेटजी, सांगा त्यायले, पोथीत मधात बोलू नाही!"

* * *

वेढा पडलेल्या शहराचा राजपुत्र याच वीराच्या हातून पडला, त्या दिवशी आमच्या घरात चहाच झाला नाही. पडद्याआड बायको ऐकत होती. म्हणाली, "आज चुलीले कसा हात लावू?"

मयताच्या घरी शेजारी जेवण पोचवतात. पुस्तकाचा मुक्काम आमच्याकडे, म्हणून शेजारीण पिठलं-भाकरीचं टोपलं आमच्याकडे घेऊन आली! देऊळघाटचा एक व्यापारी नेमका तेव्हाच आलेला. त्यानं टोपी काढून हळूच विचारलं, "शेटजी, कोण गेलं?"

"ग्रीकांच्या लढाईत एक पोरगा गेला."

"तुमच्या नात्यातला?"

पाटील डोळे पुसत म्हणाले, "गावातलाच समजा!"

* * *

समाप्तीचा दिवस. मेलेल्या पोराचा म्हातारा बाप, राजा असून, एकटा शत्रूच्या डेऱ्यात जातो. ज्या हातांनी पोरगा मारला, त्याच हातांचं चुंबन घेऊन प्रेत मागतो. दोघंही रडतात. तो वीर म्हाताऱ्याला जेवू घालतो, पोरगा परत देतो आणि विचारतो, क्रियाकर्माला लढाई किती दिवस थांबवू?

मास्तरांनी पुस्तक मिटलं. पाटील उठले, वहाणा घालू लागले.

"कुठं चालले?" देशमुखांच्या तोंडून निघून गेलं. थेट! माझ्यामार्फत नाही!

"तुमच्या घरी. बैल मांगाले."

"अहो, मी हा इथं बसलो ना! इथंच मांगा!"

"नाही. तो डेऱ्यात गेला होता. तुमी घरी जाऊन बसा, मी येतो."

देशमुख गेले. पाटील थोडं थांबून निघाले, त्यांच्यामागून आमची अख्खी बैठक. देशमुख ओसरीवर ताठ बसले होते. पाटलांनी वाकून त्यांचा हात धरला, आणि दोघंही असे रडले की आतून देशमुखीणबाई धावत आल्या. देशमुख म्हणाले, "पान वाढा. आधी जेवण, मंग बैल."

जेवणं झाली. देशमुखांनी स्वतः बैल सोडला, दावं पाटलांच्या हातात दिलं आणि गंभीर आवाजात विचारलं, "पाटील, लढाई किती दिवस बंद ठेवू?"

पाटलांनी आभाळाकडे पाहिलं, हिशेब केला आणि म्हणाले, "पेरणी होईस्तोवर!"