भुलाबाई बाहेर जेवायच्या

भुलाबाई जेवायला बसल्या की आधी चष्मा काढून ठेवायच्या. समोरच्या वाडग्यातून वाफ यायची आणि काचा धुरकट व्हायच्या, हे एक कारण. दुसरं त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. चष्मा नसला की आजूबाजूला कोण बसलंय आणि ते आपल्याकडे कसं बघतंय, हे दिसत नाही. "आणि जे दिसत नाही त्याच्याशी माझा संबंध नाही," असं म्हणून त्या चॉपस्टिक्स उचलायच्या. वय शहात्तर, अंगावर सुती साडी, तिच्यावर नवऱ्याचा जुना ओव्हरकोट, आणि पुढ्यात भाजलेल्या बदकाचा भात.

भुलाबाई हे नाव माझं. त्या एकतीस वर्षं लंडनच्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या, म्हणून तिथल्या मराठी मंडळातले लोक त्यांना भूलवाल्या काकू म्हणत. मी नागपूरची. आमच्याकडे मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, त्यामुळे मला मनातल्या मनात दुसरं नाव सुचणंच शक्य नव्हतं. तोंडावर मात्र मी काकू म्हणायचे. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी मी लंडनला आले तेव्हा पिनर या उपनगरातल्या त्यांच्या घरातली वरची खोली मला भाड्याने मिळाली. नवरा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा मिहिर केंब्रिजला संशोधन करत होता.

पहिल्या संध्याकाळी मी बॅग उघडून मॅगीचं पाकीट काढलं, तर दारातून आवाज आला, "ते ठेव आणि कोट घाल. या घरात रात्रीचा स्वयंपाक होत नाही." बसने दहा मिनिटांवर, गालिच्यांच्या एका जुन्या गोदामात, चिनी खाण्याचं फूड सेंटर होतं. भिंतीला लागून नऊ-दहा स्टॉल, मध्ये जमिनीला ठोकलेली टेबलं आणि स्टुलं. एका स्टॉलवर बदकं टांगलेली, दुसरीकडे नूडल्स उकळत असलेल्या, तिसरीकडे बांबूच्या डब्यांत मोमोसारखं काहीतरी वाफवत असलेलं. मसाल्याचा, तेलाचा, माशांचा असा एक ओला वास डोक्यात शिरला आणि माझं तोंड वाकडं झालं. भुलाबाईंनी ते पाहिलं. "खाऊन 'ई' म्हणालीस तर घरी नेईन," त्या म्हणाल्या. "न खाता म्हणालीस तर इथेच सोडून जाईन." मी मांसाहारातलं फक्त अंडं खाणारी. त्यांनी मला टोफू आणि हिरव्या पाल्याच्या गरम नूडल्स घेऊन दिल्या. 'ई' म्हणायला मला फुरसत झाली नाही.

कोपऱ्यातला स्टॉल लिमबाईंचा. त्या मलेशियातून आलेल्या चिनी बाई, साठीच्या, बुटक्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्याकडे भात मऊ शिजवून, घोटून केलेली पेज मिळायची. इंग्रजीत तिला काँजी म्हणतात. भुलाबाई वेंगुर्ल्याच्या. हॉस्पिटलातून दमून येताना पहिल्यांदा त्यांनी ती खाल्ली, तेव्हा आपण कुठे आहोत हेच त्या क्षणभर विसरल्या होत्या, असं त्या सांगायच्या. पण नवरा असेतोवर हे चोरून चालायचं. डॉक्टरसाहेब उत्तम सर्जन आणि जेवणाच्या बाबतीत हट्टी. संध्याकाळी गरम पोळी पानात पडलीच पाहिजे. भुलाबाई पहाटे ड्युटीला जायच्या, रात्री पोळ्या लाटायच्या. ते गेल्यावर तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी त्या पोळपाट-लाटणं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून बसमध्ये चढल्या.

हे लेस्टरच्या आक्कांना कधीच पटलं नाही. आक्का म्हणजे डॉक्टरसाहेबांची थोरली बहीण. त्यांचा रविवारी फोन यायचा आणि भुलाबाई तो स्पीकरवर टाकून बागेतल्या कुंड्यांना पाणी घालायच्या. माझ्या भावाला काय वाटलं असतं, विधवा बाईने रोज असं परक्या लोकांत प्लास्टिकच्या टेबलावर बसून काय वाट्टेल ते खायचं म्हणजे काय, आणि ते गुरुवारीसुद्धा, असं आक्का म्हणायच्या. एकदा भुलाबाईंनी झारी खाली ठेवली. "आक्का, चाळीस वर्षं मी दोन्ही वेळचं गरम वाढलं. आता मला कोणीतरी गरम वाढतंय. मी सुखी आहे. तुम्ही फोन ठेवा." फोन आक्कांनीच केला होता, तरी त्यांनी तो ठेवला.

भुलाबाईंचं धाडस फक्त जेवणापुरतं होतं असं मला वाटे. ते एका शनिवारी दुपारी खोटं ठरलं. लिमबाईंच्या स्टॉलसमोर एक धिप्पाड माणूस आपली ऑर्डर उशिरा झाली म्हणून ओरडायला लागला. आधी वेळेवरून, मग त्यांच्या इंग्रजीवरून. त्यांच्या बोलण्याची नक्कल केली, आणि शेवटी, जिथून आलीस तिथे परत जा, हे ठरलेलं वाक्य. सगळे आपापल्या वाडग्यात बघत होते. मीही. भुलाबाईंनी चष्मा घातला. त्या चालत त्याच्यासमोर गेल्या, त्याच्या छातीपर्यंत येत होत्या, आणि वॉर्डातल्या शांत इंग्रजीत म्हणाल्या, "दहापासून उलटे आकडे मोजा. मोठ्याने." तो गोंधळला. त्या म्हणाल्या, "भूल देताना मी हजारो लोकांना हे सांगितलं आहे. ओरडत ओरडत एकपर्यंत कुणी पोहोचलेलं नाही." कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि तो माणूस जेवण न घेता निघून गेला.

त्या परत येऊन बसल्या तेव्हा त्यांच्या चॉपस्टिक्समधून घास दोनदा निसटला. मी विचारलं, काकू, घाबरलात का. "खूप," त्या म्हणाल्या. "घाबरायला हरकत नाही गं. बसून राहायला आहे." मी मान खाली घातली. लिमबाई स्टॉल सोडून बाहेर आल्या आणि भुलाबाईंपुढे चमचा ठेवून गेल्या.

मग एका मार्चमध्ये सकाळी त्या स्वयंपाकघरात पडल्या. मी खाली धावले तेव्हा तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ॲम्ब्युलन्स लवकर आली, त्या वाचल्या, पण उजवा हात गेला, शब्द जड झाले, आणि गिळणं बिघडलं. थेरपिस्टने तपासून सांगितलं की घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. त्यामुळे सगळं मिक्सरमधून काढलेलं, ठरावीक डब्यांतलं. पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट केलेलं. भुलाबाई घरी आल्या तेव्हा मिहिर केंब्रिज सोडून त्यांच्याजवळ राहायला आला. त्याने फ्रिजवर तक्ता लावला, डब्यांवर तारखा घातल्या. मुलगा गुणी, आणि भीतीने अर्धा झालेला. त्याने मला बाजूला घेऊन शब्द मागितला की आईने कितीही म्हटलं तरी मी तिला फूड सेंटरला नेणार नाही. मी दिला. भुलाबाईंना ते कळलं तेव्हा त्या तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि डब्यांतलं खाणं त्यांनी दोन चमच्यांवर आणलं. वजन उतरत चाललं. मिहिर चमचा घेऊन समोर बसायचा आणि त्या तोंड मिटून खिडकीबाहेर बघायच्या.

चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत सांगितलं, मिहिरला सांग, हॉस्पिटलातल्या डॉक्टरांची वेळ घे. मी सगळ्यांसमोर बोलणार आहे.

त्या भेटीला मीही होते. डॉक्टर तरुण होती, चांगली होती. तिने धोका पुन्हा समजावून सांगायला सुरुवात केली. भुलाबाईंनी डावा हात वर केला. मग जड जिभेने, मध्ये मध्ये थांबत, त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं: गिळताना कुठला स्नायू उशिरा हलतो, घास कुठे उतरतो, छातीत काय होतं, किती दिवसांत होतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे श्वास सांभाळले होते. शेवटी त्या म्हणाल्या की हे सगळं मान्य करून मला आठवड्यातून एकदा माझ्या आवडीचं, माझ्या जागी बसून खायचं आहे. तसं लिहा, मी डाव्या हाताने सही करते. डॉक्टरने पेन उचललं. तुमचा निर्णय तुम्ही समजून घेता आहात याबद्दल मला शंका नाही, असं म्हणून तिने लिहायला घेतलं.

मिहिरचा धीर तिथेच सुटला. तो इथेच जन्मलेला, त्याचं मराठी मोडकंतोडकं. "आई, प्लीज," तो म्हणाला. "तू माझा एकच आई आहे."

भुलाबाई त्याची एकही चूक कधी सोडत नसत. 'माझा चहा, माझी आई' असं त्या त्याला तो चाळिशीचा झाला तरी फोनवर घोकायला लावायच्या. त्या दिवशी त्यांनी ती चूक तशीच राहू दिली. "भीती तुला वाटतेय, खरं आहे," त्या म्हणाल्या. "भूक मला लागलीय, तेही खरं आहे. पण घसा माझा आहे."

पुढच्या गुरुवारी आम्ही व्हीलचेअर घेऊन टॅक्सीने गेलो. लिमबाईंना मी आधी फोन करून सगळं सांगितलं होतं. दाणा वेगळा आणि पाणी वेगळं चालणार नाही, हे त्यांना एकदा सांगून कळलं. त्यांनी माशाच्या पाण्यात भात तासभर शिजवला, यंत्रातून काढला, गाळला, आणि चमच्यावरून पडेल पण सांडणार नाही इतका दाट करून आणला. वर आल्याचा रस, पांढरी मिरी, तिळाच्या तेलाचे दोन थेंब. भुलाबाईंनी चमचा उलटा करून पेज कशी सरकते ते डॉक्टरच्या नजरेने तपासलं आणि मान हलवली. हनुवटी छातीकडे टेकवून त्या एकेक घास गिळायच्या. तिसऱ्या घासाला ठसका लागला. मिहिर उठून उभा राहिला, फोन त्याच्या हातातच होता. बदकवाल्याचा सुरा थांबला. भुलाबाईंनी डावा पंजा वर केला, थांबा, अशी खूण केली, खोकून घेतलं, डोळे पुसले आणि पुन्हा चमचा बुडवला. अकरा घास खायला त्यांना पाऊण तास लागला.

असे सात महिने. मिहिर आधी ताठ बसून फक्त बघायचा. मेमध्ये कधीतरी त्याने स्वतःसाठी नूडल्स घेतल्या. ऑगस्टपर्यंत तो आणि बदकवाला क्रिकेटवरून वाद घालायला लागले. भुलाबाईंना मध्ये एकदा छातीचं इन्फेक्शन झालं, हॉस्पिटलात आठवडा गेला. बाहेर आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मिहिरने विचारलं नाही, टॅक्सीच बोलावली.

ऑक्टोबरमध्ये दुसरं इन्फेक्शन झालं आणि त्यातून त्या उठल्या नाहीत. ते पेजेमुळे झालं, की थंडीमुळे, की ते तसंही होणारच होतं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मिहिरने मला हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये विचारलं, आपण चुकलो का. मी म्हटलं, मला माहीत नाही. मला खरंच माहीत नव्हतं, आणि आजही नाही. माहीत नसताना माणसाच्या बाजूने उभं राहावं लागतं, एवढं मी त्यांच्याकडून शिकले.

आक्का लेस्टरहून आल्या. घर माणसांनी भरलं होतं. त्या सोफ्यावर बसल्या, थोडं रडल्या, मग पदराने डोळे टिपून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या की डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना तिला त्या चिन्यांच्यात कोण घेऊन जात होतं, ते मला कळू दे. मिहिरने मान वर केली.

मी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. मोठ्यांना उलट बोलायची मला सवय नाही. "मी नेत होते, आक्का," मी म्हटलं. "मी आणि मिहिर. दर गुरुवारी."

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "आणि खाल्लं तिने? शेवटच्या वेळी?"

"अर्धा वाडगा," मी म्हटलं. "स्वतः मागून घेतला होता."