खाली कोणीतरी झोपलंय

अख्ख्या बेंगळुरूत झोपेला इतका मान देणारा दुसरा माणूस नसेल, आणि हे मी त्याच्या डोक्यावर तीन वर्षं अनवाणी चालून सांगतेय. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर. जे. पी. नगरमधले आमचे घरमालक. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीपण अण्णा. घराणं मराठीच, पण किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते त्यांनाही नीट माहीत नाही. मी सांगलीची, तर माझं मराठी त्यांना भांडल्यासारखं वाटतं आणि त्यांचं मला गाण्यासारखं. अण्णा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर आहेत आणि चोवीस वर्षं त्यांनी रात्रपाळीच केली. खरं तर तिथे पाळ्या बदलत्या असतात, पण बाकीचे लोक आपापल्या रात्री यांना देऊन टाकायचे आणि हे खुशीत घ्यायचे. का घ्यायचे ते नंतर सांगते, नाहीतर मी आत्ताच सगळं ओकून टाकीन, माझी सवयच आहे.

घर बघायला गेले तेव्हा मी तयारीत होते. नॉनव्हेज खाता का, मित्र येतात का, हेच विचारणार ना. अण्णांनी विचारलं, "टाच आपटून चालतेस का ग?" मी म्हटलं नाही. "चालून दाखव." आणि मी हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवलं, अण्णा खाली जाऊन ऐकून आले, मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. डावा पाय स्वल्प जड आहे, पण चालेल." नोकरीच्या इंटरव्ह्यूला एवढी धाकधूक झाली नव्हती. मग नियम. मिक्सर सकाळी आठच्या आत नाहीतर संध्याकाळी साडेचारनंतर. कुकरची शिट्टी व्हायला आली की चमच्याने अलगद उचलून वाफ सोडायची, शिट्टी होऊ द्यायची नाही. दाराच्या बेलवर पायमोजा चढवलेला, तो काढायचा नाही. त्यांच्या बेडरूमच्या खिडक्यांना आतून काळा कागद, आणि गेटवर कन्नड, इंग्रजी, मराठी अशा तीन भाषांत पाटी: इथे माणूस झोपला आहे. गंमत म्हणजे सगळी गल्ली हे पाळायची. "सोप्पू, सोप्पू" असं ओरडत येणारी पालेभाजीवाली आमच्या गेटपाशी आली की कानात गुपित सांगावं तसं "सोप्पू" म्हणायची आणि पुढच्या गेटला पुन्हा पूर्ण आवाज. गणपतीत तर मी आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजत म्हटलेली आरती ऐकली. घंटेला रुमाल बांधलेला, टाळ्या म्हणजे नुसते तळहात जवळ आणायचे आणि थांबायचं. साडेचारला अण्णा उठले, आंघोळ केली आणि एकट्याने खड्या आवाजात सगळी आरती पहिल्यापासून म्हटली. देवालापण दोन शिफ्ट.

साडेचार ही त्यांची सकाळ. तोंडात ब्रश घेऊन ते गेटपाशी उभे राहायचे आणि त्याच वेळी व्हॅनमधून उतरणारी शाळेची पोरं न हसता "गुड मॉर्निंग अण्णा" म्हणायची, कारण त्यांनी जन्मापासून हेच बघितलेलं. मग नाश्ता. दिवाळीचं उटणंही याच वेळेला, आणि मग लख्ख उन्हात एक फुलबाजी, जी पेटली आहे की नाही ते जवळ जाऊन बघावं लागायचं. लोक आंब्यांबद्दल बोलतात ना, तसे अण्णा झोपेबद्दल बोलतात. "मे महिन्यातली झोप चिकट असते. डिसेंबरातली अकरा वाजताची झोप, ती झोप." माझी मात्र त्यांना कीव यायची. मी एचएसआर लेआउटमधल्या एका स्टार्टअपमध्ये आहे, दहा ते सात, कागदावर. एकदा जिन्यात उभी राहून एका हाताने सँडविच खात, दुसऱ्या हाताने लॅपटॉप धरून कॉलवर बोलत होते, तर हे ब्रश करता करता थांबले. "तू डे शिफ्टवाली ना ग?" "हो अण्णा." "मग हा दिवस संपतो कधी? आमचा भोंगा वाजला की आम्ही हात धुतो. तुमचा भोंगा तुमच्या खिशात." मी हसले, आणि खिशात तेवढ्यात खरंच वाजला.

आता अक्का. अण्णांची बायको, जयनगरच्या शाळेत शिकवते, म्हणजे पक्की दिवसवाली. नवरा सकाळी सातला घरी येणार, बायको पावणेआठला बाहेर पडणार. मधे जो अर्धा तास उरतो त्यात सव्वासातला दोघं समोरासमोर बसून जेवायची. त्याचं रात्रीचं जेवण, तिचा नाश्ता, ताट एकच: पोळी, वांग्याची भाजी, सार, भात. अण्णा वाढायचे, अण्णाच तिचा डबा भरायचे, झाकण लावून दोनदा दाबून बघायचे. कधी मी कॉफीला खाली गेले तर दोघांची बडबड चाललेली असायची, मशीन, मुख्याध्यापक, कोणाचं लग्न. चोवीस वर्षांचा संसार रोज अर्ध्या तासात बसवायचा म्हणजे वेगाने बोलावं लागतं. मला तर वाटतं मी वेगाने बोलायला तिथेच शिकले.

रविवारी सुट्टी. शनिवारची रात्रपाळी करून आलेले अण्णा त्या दिवशी अक्कासाठी दिवसाचा माणूस व्हायचे. म्हणजे सव्वासातचं तेच ताट ते रविवारी नाश्ता म्हणून धरायचे. गेल्या वर्षी त्यांना शुगर निघाली, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, नाश्त्याआधी एक गोळी. तर झालं असं की एका रविवारी आम्ही तिघं संध्याकाळी जयनगरला अक्काच्या ब्लाउजपीससाठी गेलो आणि दुकानाच्या पायरीवर अण्णा एकदम खाली बसले. शर्ट घामाने चिंब, हातातली पिशवी धरवेना. "काही नाही, स्वल्प गरम होतंय," म्हणाले, पण जीभ जड.  साखर उतरली असणार म्हणून मी समोरून उसाचा रस आणला, अक्काने ग्लास त्यांच्या ओठाला लावला. तशातही अण्णा म्हणाले, "बर्फ घातलाय. मी नको सांगतो नेहमी." तेव्हा मला जरा श्वास आला.

डॉक्टरने विचारलं, गोळी कशी घेता. "बरोबर घेतो सर. नाश्त्याआधी एक."

"आज नाश्ता कधी केला?"

"सव्वासातला."

"मग?"

"मग जरा पडलो, आणि साडेचारला."

"साडेचारला काय?"

"नाश्ता सर. उठल्यावर नाश्ता नको?"

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. आदल्या दिवशीच्या साडेचारपासून एका दिवसात तीन गोळ्या पोटात गेल्या होत्या, आणि गेले कित्येक रविवार असंच चाललेलं. अण्णांचं म्हणणं, त्यांनी चिठ्ठी अक्षरशः पाळली. डॉक्टर म्हणाला, "आज पायरीवर बसलात. उद्या मशीनपाशी असं झालं तर हात जाईल. चोवीस वर्षं शरीराला रोज उलटं टांगलंय तुम्ही, आता पुरे." आणि कारखान्यासाठी पत्र दिलं, रात्रपाळी बंद.

ते पत्र अण्णांनी दिलंच नाही. तीन आठवडे खिशात. अक्काला सांगायचे दिलं, साहेब बघतायत. रोज रात्री ते कामावर निघाले की मला वर धडधडायचं, मग अक्काला काय होत असेल. शेवटी एका सकाळी मी कॉफी घेत होते तेव्हा तिने धुवायच्या शर्टातून काढलेलं पत्र त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"अहो, हे काय?"

अण्णा पोळी मोडत राहिले. मग म्हणाले, "दिवसाची बस साडेसहाला ग. तुझा डबा कोण भरणार? आपण बोलायचं कधी?"

"संध्याकाळी."

"संध्याकाळी तू वह्या तपासतेस. तेव्हा तू ऐकत नाहीस, नुसती हूं म्हणतेस. तू माझं ऐकतेस ते याच वेळेला. म्हणून तर सगळ्यांच्या रात्री घेतल्या मी."

अक्काने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "एक सांगू? सकाळी सव्वासातला मला भात गिळवत नाही. कधीच गिळवला नाही. तुम्हाला एकट्याने जेवायला लागू नये म्हणून खाते."

"चोवीस वर्षं?"

"हो."

"बोलली नाहीस कधी."

"बोलले असते तर तुम्ही एकटे जेवला असतात. आणि आता तुम्हाला काही झालं, तर मी कोणासमोर बसू? सव्वासातला काय आणि कुठल्याही वेळेला काय?"

मी ग्लासात बघत राहिले, उठून जावं तरी आवाज होईल. मग अण्णांनी विचारलं, "वांगं तरी आवडतं का?"

"आवडतं. सव्वासातला नाही."

त्या दिवशी अण्णा झोपायला गेले नाहीत. काळा चष्मा लावून, उन्हात, बस बदलत कारखान्यात जाऊन पत्र देऊन आले.

आता ते दिवसाचे आहेत. रात्री आठला दोघं जेवतात, वांगं असतं, आणि वह्या जेवणानंतर, असा ठरावच झालाय. सकाळी निघण्याआधी अण्णा अक्काचा डबा भरतात, झाकण दोनदा दाबतात, आणि ती मस्त साडेसातला एक केळं खाऊन जाते. शुगर बरी आहे. झोप अजून बरी नाही. "रात्री फार शांत असतं ग," ते मला म्हणाले, "एवढ्या शांततेत झोपायची सवय नाही मला." काळे कागद निघाले, बेलचा पायमोजा निघाला. पालेभाजीवाली मात्र अजून आमच्या गेटपाशी कुजबुजते, तिला कोणी सांगितलेलंच नाही.

परवा मी घरूनच काम करत होते. अकरा वाजता डाळ लावली, अनवाणी उभी राहिले, आणि शिट्टी यायच्या बेताला चमचा घेऊन पुढे झाले. मग आठवलं, खाली कोणी झोपलेलं नाही. मी चमचा ठेवला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात कुकर शिट्टी वाजवून थांबला, आणि मी उगाच थोडा वेळ कान देऊन उभी राहिले, खालून कोणी काही म्हणतंय का.